फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला छातीचा एक्स-रे नेमका किती वाचता यायला हवा?

तासिका

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका फिजिओथेरपी महाविद्यालयात हृदय-श्वसन हा विषय शिकवते. आमच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आणि इंटर्नना छातीचा एक्स-रे वाचता येतो का, असा प्रश्न विभागाच्या बैठकीत निघाला आणि "बऱ्यापैकी येतो" यापलीकडे ठोस उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही. म्हणून इथे विचारत आहे.

व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) वेळी व्ह्यू बॉक्सवर उजव्या बाजूला पाणी झालेली ठरावीक फिल्म लावली, की बहुतेक जण उत्तर बरोबर देतात. कॉस्टोफ्रेनिक कोन (बरगड्या आणि डायफ्राम म्हणजे श्वासपटल यांमधला) बुजलेला आहे, वरची कडा बाहेरच्या बाजूला चढत गेली आहे, म्हणून प्लुरल इफ्यूजन (फुप्फुसाभोवती साठलेले पाणी), हे सगळे पाढे म्हटल्यासारखे येते. तोच विद्यार्थी अतिदक्षता विभागात रुग्णाला आडवे ठेवून काढलेली पोर्टेबल फिल्म पाहतो तेव्हा हृदय मोठे आहे असे सांगतो, दोन्ही बाजूंच्या तळाशी कन्सॉलिडेशन (हवेऐवजी द्रवाने भरून घट्ट झालेले फुप्फुस) आहे असे सांगतो, आणि श्वासनलिकेतल्या नळीचे टोक कुठे आहे याचा उल्लेखही करत नाही.

मला त्याहून अधिक खटकते ते पुढचे. फिल्मवर जे दिसले ते बरोबर ओळखल्यानंतर "मग आज या रुग्णावर तुम्ही काय करणार?" असे विचारले, तर प्रत्येक फिल्मला एकच उत्तर मिळते: पोझिशनिंग, पर्कशन (छाती थोपटणे), व्हायब्रेशन (छातीला कंप देणे), सक्शन (नळीने कफ ओढणे) आणि श्वसनाचे व्यायाम. फिल्म कोणतीही असली तरी उपचार तेच राहणार असतील, तर ती पाहण्याचा खटाटोप कशासाठी करायचा?

माझ्या एका सहकाऱ्यांचे मत असे आहे, की एक्स-रे वाचणे हे रेडिओलॉजिस्टचे काम असून आपल्या विद्यार्थ्यांना रिपोर्ट समजला तरी पुरे. दुसऱ्या सहकारी म्हणतात, की आपण सकाळी नऊला खाटेजवळ उभे असतो आणि रिपोर्ट दुपारी येतो. मला दोघांचेही पटते, आणि अडचण तीच आहे. विद्यार्थ्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी, ती कशी शिकवावी आणि कशी तपासावी, याबद्दल प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून ऐकायला आवडेल.

छातीठोक

मॅडम, मी मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात बरीच वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. इंटर्न मुलामुलींनी निदान करावे अशी माझी अपेक्षा कधीच नसते. फिल्म पाहिल्यावर या छातीला आत्ता हात लावायचा की नाही, लावायचा तर कोणत्या बाजूला आणि कशासाठी, एवढे मात्र त्यांनी सांगायलाच हवे. तुम्ही शेवटी जो प्रश्न विचारता तो खरे तर पहिला असायला हवा.

मी नेहमी एकाच प्रकारच्या फिल्मपासून सुरुवात करतो: व्हेंटिलेटरवरचा रुग्ण आणि डावी छाती पूर्ण पांढरी. मुले लगेच "इफ्यूजन" किंवा "कोलॅप्स" यांपैकी एक शब्द उच्चारतात, जणू नाणे उडवले आहे. मी त्यांना ट्रॅकिया (श्वासनलिका) आणि हृदय पाहायला सांगतो. ती पांढऱ्या बाजूकडे ओढली गेली असतील तर फुप्फुसाचे आकारमान घटले आहे, म्हणजे कोलॅप्स. ती पलीकडे ढकलली गेली असतील तर छातीत काहीतरी जास्तीचे भरले आहे, आणि ते बहुधा पाणी किंवा रक्त असते. पहिल्या स्थितीत आपल्याला करण्यासारखे पुष्कळ आहे. दुसऱ्या स्थितीत तासभर व्हायब्रेशन दिले तरी एक थेंबही हलणार नाही, कारण ते पाणी श्वासमार्गात नाही, फुप्फुसाच्या बाहेर आहे. तिथे डॉक्टरांशी बोलायचे, आणि नळी घालून पाणी काढल्यानंतर दबलेले फुप्फुस पुन्हा उघडण्याच्या कामाला लागायचे.

कोलॅप्स ठरला तरी इथेच थांबू नये. पुढचा प्रश्न नळीचा. उजवा मुख्य ब्रॉन्कस (श्वासनलिकेची फांदी) डाव्यापेक्षा रुंद आणि अधिक उभा असल्यामुळे एंडोट्रॅकियल ट्यूब (श्वासनलिकेतली नळी) खोल सरकली तर ती बहुतेक वेळा उजवीकडेच शिरते, डाव्या फुप्फुसात हवा जाणे बंद होते आणि ते मिटते. फिल्मवर हे चित्र म्यूकस प्लगने (कफाच्या बुचाने) झालेल्या कोलॅप्ससारखेच दिसते, फरक फक्त त्या नळीच्या टोकात असतो. अशा रुग्णाला कुशीवर वळवून बॅगिंग (हाताने पिशवी दाबून हवा देणे) आणि सक्शन करत बसणे व्यर्थ तर आहेच, शिवाय सगळी हवा एकट्या उजव्या फुप्फुसात दाबाने जात असल्यामुळे धोक्याचेही आहे. इथे नळी मागे घ्यावी लागते आणि ते आपण करायचे नसते. सिस्टर आणि निवासी डॉक्टर यांना ताबडतोब सांगणे एवढे मात्र आपण करायचेच असते. मान सरळ असताना टोक कॅरिनाच्या (श्वासनलिका दुभंगते त्या जागेच्या) वर साधारण ५ सेंटीमीटरवर असावे, त्यात दोन सेंटीमीटर इकडेतिकडे चालते. मान पुढे वाकली की टोक खाली जाते, मागे झुकली की वर येते, आणि हा फरकही प्रत्येकी दोनेक सेंटीमीटरचा असतो. म्हणून फिल्म काढताना मान कशी होती, हेही पाहायला मी सांगतो. हनुवटी फिल्मवर दिसत असेल तर अंदाज येतो.

तिसरी गोष्ट न्यूमोथोरॅक्सची, म्हणजे छातीत फुप्फुसाबाहेर साठलेल्या हवेची. ज्या रुग्णाला बॅगिंग किंवा आयपीपीबी अशा दाबाने हवा देणाऱ्या पद्धती वापरायच्या आहेत, त्याच्या फिल्मवर नळी न घातलेला न्यूमोथोरॅक्स नाही ना, हे पाहिल्याशिवाय इंटर्नने बॅगला हात लावू नये. जुन्या सीओपीडीमधल्या (श्वासमार्गांच्या दीर्घकालीन आजारातल्या) मोठ्या बुलाबाबतही (फुप्फुसातल्या हवेच्या फुग्याबाबतही) तीच सावधगिरी हवी. अपघाताचा रुग्ण असेल तर बरगड्या एकेक करून पाहाव्यात, कारण मोडलेल्या बरगडीवर पर्कशन देणारा इंटर्न मी पाहिलेला आहे. फिल्म खाटेशेजारीच होती, पण नजर सगळा वेळ फुप्फुसावर होती.

आता थोडे उलट बाजूने. लोबर न्यूमोनिया (फुप्फुसाच्या एका लोबचा म्हणजे खंडाचा) नव्याने झालेला, कफ सुटत नसलेला रुग्ण असेल, तर दाट पांढरा भाग पाहून उत्साहाने पर्कशन सुरू करण्यात अर्थ नाही. अल्व्होलायमधला (वायुकोशांमधला) तो दाह आपल्या हातांनी बाहेर येत नाही. पोझिशनिंगने ऑक्सिजन सुधारता येतो. प्रौढ रुग्णात एकाच बाजूला आजार असेल तर चांगले फुप्फुस खाली ठेवावे, तान्ह्या बाळांमध्ये मात्र हा नियम लागू पडत नाही. शिवाय रुग्णाला बरे वाटू लागल्यानंतरही फिल्म कित्येक आठवडे मागे राहते. ताप गेलेला, चालायला लागलेला माणूस आणि फिल्मवर तोच डाग पाहून उपचार वाढवणारे विद्यार्थी मला दर पोस्टिंगला भेटतात.

आपल्याकडे आणखी एक फिल्म शिकवल्याशिवाय विद्यार्थ्याला वॉर्डात पाठवू नये, ती म्हणजे जुन्या क्षयरोगाची. वरच्या भागात फायब्रोसिस (व्रण होऊन आखडणे), हायलम (फुप्फुसाचे मूळ) वर खेचलेला, ट्रॅकिया त्या बाजूला सरकलेली, असे चित्र असते. विद्यार्थी याला एकतर चालू क्षयरोग म्हणतात किंवा ताजा कोलॅप्स म्हणून तो उघडायला निघतात. दहा वर्षांपूर्वी आखडलेला भाग उघडणार नाही. मात्र त्याच भागात ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासमार्ग कायमचे रुंदावणे) असेल आणि रोज कफ पडत असेल, तर त्या रुग्णाला आपली गरज इतर कोणापेक्षाही जास्त असते. हे वेगळे काढायचे तर जुनी फिल्म मागावी. आपले रुग्ण बहुधा सगळ्या फिल्म मोठ्या पाकिटात घालून गाठोड्यात जपून आणतात, फक्त कोणी विचारत नाही.

कृष्णधवल

मी रेडिओलॉजिस्ट आहे. फिजिओथेरपिस्टनी फिल्म पाहू नये असे माझ्या क्षेत्रातील काही जण म्हणतात, मला ते मान्य नाही. रिपोर्टवर सही आमची असेल, पण रुग्णाच्या छातीवर हात ठेवून काम करणाऱ्याने फिल्म न पाहता काम करणे मला अधिक गैर वाटते.

छातीठोक यांनी उपचाराच्या अंगाने सांगितले, मी फिल्मच्या अंगाने सांगतो. तासिका मॅडम, तुमचे विद्यार्थी पोर्टेबल फिल्मवर जे चुकतात ते रोगाच्या अज्ञानामुळे नव्हे. फिल्म कशी काढली गेली हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. पीए (किरण पाठीकडून पुढे जाणारी) फिल्म साधारण १८० सेंटीमीटर अंतरावरून, रुग्ण उभा असताना, छाती डिटेक्टरला चिकटवून आणि दीर्घ श्वास रोखून काढतात. अतिदक्षता विभागात एक्स-रे सोडणारी नळी समोरून येते (एपी फिल्म), अंतर सुमारे १०० सेंटीमीटर असते, रुग्ण आडवा असतो आणि श्वास त्याच्या मर्जीने किंवा व्हेंटिलेटरच्या लयीत चाललेला असतो. हृदय डिटेक्टरपासून दूर असल्यामुळे त्याची सावली मोठी पडते. त्यामुळे छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून मोठे हृदय म्हणजे कार्डिओमेगाली, हा पीए फिल्मचा नियम इथे लावता येत नाही. श्वास अपुरा असेल तर तळाच्या रक्तवाहिन्या दाटीवाटीने दिसतात आणि विद्यार्थी त्याला कन्सॉलिडेशन म्हणतात. डायफ्रामच्या वर समोरच्या बाजूने किमान पाच-सहा किंवा पाठीमागून नऊ-दहा बरगड्या मोजता येत नसतील, तर तळाबद्दल बोलण्यापूर्वी थांबावे.

रुग्ण थोडा वळलेला असेल तर गोंधळ आणखी वाढतो. कॉलरबोनची आतली टोके मणक्याच्या काट्यापासून सारख्या अंतरावर नसतील, तर ट्रॅकिया सरकल्यासारखी दिसू शकते आणि एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळे दिसू शकते. ट्रॅकिया कुठे ओढली गेली यावर छातीठोक यांचा सगळा निर्णय उभा आहे, हे लक्षात घेतले तर रोटेशन तपासणे ही केवळ परीक्षेतली औपचारिकता नाही हे पटेल.

आडव्या रुग्णात पाणी आणि हवा दोन्ही जागा बदलतात. उभ्या फिल्मवर कोन बुजायला साधारण २०० मिलीलीटर किंवा अधिक पाणी लागते. आडव्या रुग्णात तेच पाणी पाठीमागे पसरते आणि त्या बाजूवर फक्त एक धूसर पडदा येतो, ज्याच्या आडून रक्तवाहिन्या दिसत राहतात. हवा वर म्हणजे पुढच्या बाजूला जाते, फुप्फुसाच्या शिखराकडे नव्हे. त्यामुळे आडव्या रुग्णात न्यूमोथोरॅक्स शोधताना केवळ वरच्या टोकाशी रेघ शोधू नये, कॉस्टोफ्रेनिक कोन नेहमीपेक्षा खोल आणि काळा झाला आहे का तेही पाहावे. त्वचेची घडी हा इथला नेहमीचा चकवा आहे. घडीच्या कडेपलीकडेही फुप्फुसाच्या रेषा दिसतात, आणि ती कडा कधी कधी छातीच्या बाहेरपर्यंत जाते.

आता चुकीविषयी, कारण शिकवणाऱ्याला त्यातून खरे काम मिळते. हॅरॉल्ड कुंडेल आणि कॅल्विन नोडीन यांनी १९७० च्या दशकात रेडिओलॉजिस्टच्या नजरेचा अभ्यास केला. १९७५ च्या त्यांच्या एका प्रयोगात छातीची फिल्म अवघे ०.२ सेकंद दाखवली, तरी तज्ज्ञांना सुमारे ७० टक्के विकृती ओळखता आल्या. म्हणजे अनुभवी माणूस क्रमाने शोधायला लागण्याआधीच त्याला काहीतरी खटकलेले असते. फिल्म क्रमाने पाहण्याची ए-बी-सी-डी-ई ही यादी तज्ज्ञ जसे पाहतो तशी नाही. ज्याला अजून काही खटकतच नाही, त्याच्यासाठीचा तो आधार आहे. ती यादी जरूर शिकवा, पण यादी पूर्ण म्हणता आली म्हणजे फिल्म वाचता आली असे समजू नका.

त्याच संशोधकांनी पुढे सुटलेल्या विकृतींचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात नजर त्या जागी गेलीच नाही. दुसऱ्यात नजर गेली, पण ठरली नाही आणि ओळख पटली नाही. तिसऱ्यात नजर बराच वेळ तिथे होती, पण "हे काही नाही" असा निर्णय झाला. विद्यार्थ्याला नुसते "चूक" म्हटले तर त्याची चूक यांपैकी कोणती, हे त्यालाही कळत नाही आणि तुम्हालाही. हृदयाच्या मागे बघितलेच नाही अशा विद्यार्थ्याला यादी द्यावी लागते. बघितले पण काही कळले नाही, अशा विद्यार्थ्याला आधी भरपूर निरोगी फिल्म दाखवाव्या लागतात. आपण वर्गात रोगाच्याच फिल्म दाखवतो आणि निरोगी छातीत काय काय वेगळेपण असते याची नजर तयार होऊ देत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. लहान मुलांतली नेहमीची थायमस ग्रंथी पाहून घाबरणारे एमबीबीएसचे विद्यार्थीही काही कमी नाहीत.

आणखी एक सवय मोडायला हवी: एक गोष्ट सापडली की शोध थांबतो. ठळक इफ्यूजन दिसले की कॉलरबोनच्या मागचे फुप्फुसाचे टोक, हृदयामागचा भाग आणि डायफ्रामखालचा भाग कोणी पाहत नाही. तुमच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हृदयामागचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बायपास शस्त्रक्रियेनंतर डावा खालचा लोब मिटणे फार नेहमीचे आहे आणि तो नेमका हृदयाच्या सावलीत लपतो. डाव्या डायफ्रामची रेषा हृदयामागे आतपर्यंत सलग दिसते का, एवढा एकच प्रश्न विचारायची सवय लावा. रेषा नाहीशी झाली असेल तर तिला टेकलेला लोब हवेने भरलेला नाही. हाच नियम इतरत्रही चालतो: हृदयाची उजवी कडा नाहीशी झाली तर मधला लोब, डावी कडा नाहीशी झाली तर लिंग्युला (डाव्या वरच्या लोबचा खालचा भाग).

इंटर्न ताई

सर, मॅडम, मी सध्या नागपूरला इंटर्नशिप करत आहे. विद्यार्थ्यांच्या बाजूचे एक सांगावेसे वाटते. आम्ही बहुतेक फिल्म मोबाइलवर पाहतो. वॉर्डातून कोणीतरी व्ह्यू बॉक्सचा किंवा खिडकीसमोर धरलेल्या फिल्मचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो आणि आम्ही त्यावरच उपचार ठरवतो. त्यात कडा कापलेल्या असतात, ट्यूबलाइटचे प्रतिबिंब नेमके शिखरावर पडलेले असते, उजवी-डावी सांगणारी खूण दिसत नाही, आणि कधी फिल्मच उलटी धरलेली असते. अशा फोटोवर न्यूमोथोरॅक्सची बारीक रेघ दिसणे शक्य नाही, पण "फिल्म पाहिली का" या प्रश्नाला आम्ही "हो" असेच उत्तर देतो.

दुसरे असे, की फिल्मबरोबर रिपोर्ट असेल तर आम्ही आधी रिपोर्टच वाचतो. तो वाचल्यावर सगळे दिसायला लागते. न वाचता दिसले असते का, हे आम्हाला कधी कळतच नाही.

कृष्णधवल

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. विद्यार्थ्याने रिपोर्ट उघडण्याआधी आपले म्हणणे दोन ओळींत वहीत लिहावे, मग रिपोर्ट वाचावा आणि दोन्ही एकाखाली एक राहू द्यावेत. महिनाभरात त्याला स्वतःच दिसेल, की तो ठरावीक जागाच चुकवतो आहे. मोबाइलवरील फोटो शिकण्यासाठी चालेल, निर्णयासाठी नाही. मूळ फिल्म किंवा मॉनिटरपर्यंत चालत जावे.

सरावासाठी रेडिओपीडिया या संकेतस्थळावरील प्रकरणे चांगली आहेत. अमेरिकेतील एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २०१७ मध्ये खुल्या केलेल्या संग्रहात ३०,८०५ रुग्णांच्या १,१२,१२० फिल्म आहेत, पण तो वापरताना जपावे. त्यातील नोंदी संगणकाने रिपोर्टमधून काढलेल्या आहेत आणि न्यूमोथोरॅक्स अशी नोंद असलेल्या अनेक फिल्ममध्ये छातीत नळी आधीच घातलेली आहे. अशा फिल्मवर शिकलेला विद्यार्थी (आणि यंत्रही) न्यूमोथोरॅक्स न पाहता नळी पाहून उत्तर देतो. आपल्याला नेमकी नळी घालण्याआधीची फिल्म ओळखता यायला हवी आहे.

तासिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वहीची सूचना मी या आठवड्यापासूनच अमलात आणणार आहे. एका मुद्द्यावर मात्र आणखी स्पष्टता हवी आहे. विद्यार्थ्याने आधी रुग्ण तपासावा आणि मग फिल्म पाहावी, की आधी फिल्म पाहून मग रुग्णाकडे जावे? आमच्याकडे दोन्ही पद्धती चालतात आणि दोन्हींचे पुरस्कर्ते आग्रही आहेत.

छातीठोक

आधी रुग्ण, यात मला शंका नाही. स्टेथोस्कोप लावून, बोटाने ठोकून आणि छाती दोन्हीकडे सारखी हलते का हे पाहून विद्यार्थ्याने अंदाज बांधावा, आणि फिल्मकडे त्या अंदाजाचा पडताळा म्हणून पाहावे. आधी फिल्म पाहिली की विद्यार्थ्याला जे दिसले तेच ऐकूही येते. फिल्म सकाळी सहाची आणि आपण अकराला पोहोचलेले असतो. मधल्या पाच तासांत म्यूकस प्लग बसतो, निघतो, पुन्हा बसतो. आवाज आणि फिल्म जुळत नसतील तर मी आवाजावर विश्वास ठेवतो आणि नवी फिल्म काढायला सुचवतो.

कृष्णधवल

उपचार करणाऱ्यासाठी हे बरोबर आहे, पण शिकणाऱ्यासाठी मी उलटे सांगेन. "डावीकडे आवाज कमी आहे" हे कळल्यावर फिल्म पाहिली तर डावीकडेच दिसते आणि उजवीकडचे सुटते. शिकण्याच्या काळात आधी काहीही माहिती नसताना फिल्म पाहावी, मत लिहावे, मग रुग्णाकडे जावे आणि परत येऊन तीच फिल्म दुसऱ्यांदा पाहावी. दोन वाचनांत काय बदलले हे विद्यार्थ्याला विचारावे. वॉर्डात घाई असते हे मला मान्य आहे, पण दिवसाला एका रुग्णापुरते हे जमायला हरकत नसावी.

छातीठोक

एका रुग्णापुरते मान्य. मात्र ज्या रुग्णाला बॅगिंग करायचे आहे त्याच्या बाबतीत न्यूमोथोरॅक्स नाही ना, हे हात लावण्याआधी पाहायचेच, मग पद्धत कोणाचीही असो.

लेस्टरचा मराठी

मी इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) रुग्णालयात श्वसन विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण महाराष्ट्रातच झाले. इथे रात्री आणि शनिवार-रविवारी ऑन-कॉल फिजिओथेरपिस्टला बोलावण्याची पद्धत आहे, आणि नुकतेच नोकरीला लागलेले लोकही त्या पाळीत असतात. रात्री दोन वाजता फोन येतो तेव्हा रिपोर्ट नसतोच. त्यामुळे ऑन-कॉलच्या पाळीत जाण्याआधी फिल्म पाहून निर्णय घेता येतो का, हे ज्येष्ठ सहकारी पडताळून पाहतात. त्यात रोगाचे नाव ओळखण्यापेक्षा "यात फिजिओथेरपीने बदलण्यासारखे काही आहे का" या प्रश्नावर भर असतो. फोनवरच "याला सध्या माझी गरज नाही, आधी पाणी काढा" असे सांगता येणे हेही तिथे कौशल्यच मानले जाते, आणि भारतातून आलेल्या आमच्यासारख्यांना तेच सर्वांत जड जाते, कारण बोलावल्यावर काहीच न करणे आपल्याला शिकवलेले नसते.

अल्ट्रासाउंडचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून करतो. आडव्या रुग्णात पाणी आणि न्यूमोथोरॅक्स शोधण्यात फुप्फुसाचे अल्ट्रासाउंड पोर्टेबल फिल्मपेक्षा सरस आहे, आणि इथे काही श्वसन फिजिओथेरपिस्ट ते स्वतः करू लागले आहेत. भारतात अल्ट्रासाउंड यंत्राच्या वापरावर गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याची बंधने आहेत, त्यामुळे तुमच्या विद्यार्थ्यांच्या हाती ते लवकर येईल असे मला वाटत नाही. तोवर फिल्म नीट वाचण्याला पर्याय नाही.

तासिका

आपल्या सर्वांच्या म्हणण्यावरून प्रात्यक्षिक परीक्षेसाठी एका स्टेशनचा कच्चा आराखडा तयार केला आहे. विद्यार्थ्यासमोर एक पोर्टेबल एपी फिल्म आणि तीन ओळींचा इतिहास असेल: बायपास शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस, ऑक्सिजनचे प्रमाण घटलेले, डाव्या तळाशी श्वासाचे आवाज कमी. त्याने आधी फिल्म वाचण्याजोगी आहे का ते सांगावे, मग सगळ्या नळ्या आणि तारा बोटाने दाखवाव्यात, नंतर मुख्य विकृती सांगावी आणि ती फिल्मवरील कोणत्या खुणेवरून ओळखली ते दाखवावे. शेवटी आज काय करणार, काय मुद्दाम टाळणार आणि डॉक्टरांना काय कळवणार, हे सांगावे. निम्मे गुण या शेवटच्या भागाला ठेवले आहेत. रोगाचे नाव चुकले पण निर्णय सुरक्षित असेल तर तो भाग पूर्ण गुणांचा. नाव बरोबर आले पण निर्णय घातक असेल तर स्टेशन अनुत्तीर्ण. सहकाऱ्यांना हा शेवटचा नियम कठोर वाटतो.

छातीठोक

मला तो सौम्य वाटतो. ठेवाच.

कृष्णधवल

आराखडा चांगला आहे, दोन बदल सुचवतो. इतिहासातून "डाव्या तळाशी आवाज कमी" हे वाक्य काढा, नाहीतर तुम्ही कुठे पाहायचे तेच सांगून टाकले आहे. हवे तर विद्यार्थ्याने विचारल्यावर परीक्षकाने सांगावे, म्हणजे तो विचारतो की नाही हेही कळेल. आणि चार-पाच विद्यार्थ्यांमागे एकदा तेथे निरोगी फिल्म ठेवा, किंवा शस्त्रक्रियेनंतर अपेक्षित असतात तेवढेच किरकोळ बदल असलेली ठेवा. प्रत्येक स्टेशनवर काहीतरी रोग असतोच हे विद्यार्थ्यांना पक्के ठाऊक असते. तशी फिल्म ठेवलीत तर तिच्या गुणपत्रिकेत "काही विशेष नाही, रुग्णाला बसवून चालवायला सुरुवात करेन" हे उत्तर पूर्ण गुणांचे असल्याची नोंद परीक्षकांसाठी ठळक अक्षरांत करून ठेवा, कारण ते उत्तर ऐकल्यावर बाहेरून आलेले परीक्षक "अजून नीट पाहा" असे म्हणतात आणि विद्यार्थी मग काहीतरी शोधून काढतो.